हलू नये असे लाकूड

डोंबिवलीत जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या गिटारचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, पहिल्यांदा वाकला, किंवा तो वाकल्याचे मला पहिल्यांदा कळले. मे महिन्यात बोट टेकवताच दबणारी तार आता जोर लावल्याखेरीज दबत नव्हती, आणि बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, दोन नाणी एकावर एक ठेवून तारेखालून सरकवता येतील एवढी फट पडली होती. गिटार इलेक्ट्रिक, स्वस्तातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतलेली. सोबत आलेल्या कागदावर ‘नेक : मेपल’ एवढेच छापले होते आणि तेवढ्यावर मी खूश होतो, कारण मोठ्या वादकांच्या गिटारींविषयी वाचतानाही हाच शब्द भेटत असे. दोन वर्षांनी नोकरीनिमित्त नागपूरला गेलो, तर पहिल्याच एप्रिलात उलटा अनुभव आला. तिथल्या कोरड्या हवेत नेक रुंदीला आकसला, त्यात ठोकलेल्या धातूच्या फ्रेट मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांची टोके कडेबाहेर येऊन हाताला करवतीच्या दातांसारखी बोचू लागली. झाड तोडून, फळ्या पाडून, भट्टीत वाळवून, रंध्याखालून काढून, वर लॅकर चढवून कितीतरी काळ लोटला होता, तरी ते लाकूड अजून पावसाळा आणि उन्हाळा पाळत होते.

डोंबिवलीच्या घरात त्याच खोलीत, गिटारपासून चार हातांवर, आत्याचा मिरजेचा तंबोरा गवसणी घालून उभा असे. त्याचे वय माझ्यापेक्षा जास्त. त्याच जुलैची दमट हवा तोही सोसत होता, आणि आत्या रोज सकाळी खुंट्या पिळून, मणी सरकवून, जवारीचा दोरा जरासा मागेपुढे करून गायला बसत असे. तंबोऱ्याची दांडी वाकली, अशी तक्रार तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. तेव्हा मला वाटे की मिरजेच्या कारागिरांचे लाकूडच मुळात चांगले. ते चांगले असतेच. पण खरे कारण वेगळे आहे, आणि ते समजले तेव्हा गिटारच्या नेकविषयी पुढे वाचलेली प्रत्येक गोष्ट त्या कारणाभोवती गोळा होत गेली.

तंबोऱ्याला पडदे नसतात. चार तारा मोकळ्या छेडायच्या, सूर खुंटीवर आणि मण्यांवर मिळवायचा. दांडी पोकळ असते, आणि वर्षानुवर्षांत ती केसभर पुढे झुकली तरी सुराचे काही बिघडत नाही. सतारीला पडदे असतात, पण ते दोऱ्याने बांधलेले. हवा बदलली, लाकूड हलले, तर वादक अंगठ्याने पडदा रेटून पुन्हा सुरावर आणतो. म्हणजे आपल्या वाद्यांनी लाकडाचे हलणे गृहीत धरले आहे. गिटारने मात्र आपले सूर लाकडात ठोकून पक्के केले. फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकच्या तारांकडच्या पृष्ठभागावर, करवतीने खाचा पाडायच्या, त्यांत धातूची पट्टी बसवायची, आणि ती त्या जागेवरून पुन्हा हलवायची नाही. शिवाय तार फ्रेटच्या माथ्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर हवी. त्याहून वर गेली की बोटे दुखतात, खाली आली की तार पुढच्या फ्रेटवर खरखरते. नेकला मध्यभागी जो किंचित खोलगट बाक ठेवतात, तोही मिलिमीटरच्या चतुर्थांशाएवढा. हे सगळे राखायचे कोणी, तर नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे, जेमतेम वीस-एकवीस मिलिमीटर जाड आणि बेचाळीस-त्रेचाळीस मिलिमीटर रुंद असलेल्या एका काठीने, जिच्यावर इलेक्ट्रिक गिटारच्या हलक्या तारा साधारण ४५ किलोंचा आणि ॲकूस्टिक गिटारच्या पोलादी तारा सत्तर किलोंच्या आसपासचा ओढा रात्रंदिवस देत असतात. एक प्रौढ माणूस कायमचा लोंबकळत ठेवला आहे असे समजावे. एवढे करून ती काठी हाताला जड वाटता कामा नये आणि तळहातात सुखाने बसली पाहिजे. नेकसाठी कोणते लाकूड, या प्रश्नाचा उगम या अडचणीत आहे. नादाची चर्चा नंतरची.

या अडचणीवर स्पेनच्या कारागिरांनी जे उत्तर काढले, ते कळल्यावर मी आत्याच्या तंबोऱ्याकडे नव्याने पाहिले. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार ज्यांच्या हातून स्थिरावला, त्या अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस यांच्यापासून आजपर्यंतच्या कारागिरांचे नेकसाठीचे नेहमीचे लाकूड म्हणजे सेद्रो. इंग्रजी व्यापारात त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात, आणि हे नाव दोन्ही अंगांनी खोटे आहे. ते झाड स्पेनचे नाही, मध्य व दक्षिण अमेरिकेचे आणि कॅरिबियन बेटांचे आहे. आणि ते देवदाराच्या जातीचेही नाही. त्याचे शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. स्पेनच्या वसाहतींमधून ते जहाजांवर चढले, म्हणून स्पॅनिश झाले. वास सीडरसारखा, म्हणून सीडर झाले. त्याच वासामुळे कीड लांब राहते आणि म्हणूनच सिगारच्या पेट्या त्याच्या करीत. आता आपल्याकडे सतार आणि तंबोऱ्यासाठी जे तूनचे लाकूड वापरतात, ते टूना सिलिआटा, याच सेड्रेलाचा अगदी जवळचा भाऊ. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत तूनचे नाव सेड्रेला टूना असेच लिहिलेले सापडते. दोघांची प्रजाती वेगळी मानण्याचा प्रघात नंतरचा. अंदालुसियातला कारागीर आणि इकडचा सतारमेकर, दोघांनी एकमेकांना न विचारता भाऊबंद असलेल्या दोन झाडांवर बोट ठेवले. दोघांना हवे होते ते एकच : वजनाला हलके, रेषेला सरळ, पटाशीला मऊ आणि एकदा मुरले की जागेवर राहणारे लाकूड. क्लासिकल गिटारच्या नायलॉनच्या तारांचा ओढा पोलादी तारांच्या मानाने बराच कमी, चाळीस किलोंच्या आसपास, म्हणून सेद्रोचा हलकेपणा तिथे चालून गेला. पारंपरिक क्लासिकल गिटारच्या नेकमध्ये आजही बहुधा लोखंडी सळई नसते.

पोलादी तारा आल्या आणि सेद्रो कमी पडू लागला. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी एकोणिसाव्या शतकापासून गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने १९१०च्या दशकात सेद्रो सोडून महोगनी धरली, आणि पुढची शंभर वर्षे अमेरिकी ॲकूस्टिक गिटारचा नेक म्हणजे महोगनी हे समीकरण झाले. महोगनीच का, याचे उत्तर एका साध्या मोजणीत आहे. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत किती आकसते, हे दोन दिशांनी मोजतात : गाभ्यापासून सालीच्या दिशेने एक, आणि वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने दुसरे. मध्य अमेरिकेतली महोगनी पहिल्या दिशेने सुमारे २.९ टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे ४.३ टक्के आकसते. कठीण मेपलचे हेच आकडे ४.८ आणि ९.९ आहेत. लाकूड एकूण किती हलते एवढ्यावर हे थांबत नाही. दोन दिशांमधली तफावत जेवढी मोठी, तेवढी फळी पिळण्याची शक्यता मोठी, कारण एकच काठी एका अंगाने जास्त आणि दुसऱ्या अंगाने कमी आकसते. माझ्या डोंबिवलीच्या नेकचे रहस्य या चार आकड्यांत होते; ते मला दहा वर्षे उशिरा कळले.

अर्थात कारखान्याच्या व्यवस्थापकाने हे आकडे पुढ्यात घेऊन महोगनी निवडली असेल, असे मला वाटत नाही. महोगनी तिथे होतीच. अठराव्या शतकापासून इंग्लंड-अमेरिकेतले उंची फर्निचर तिचे होते, जहाजांचे भाग तिचे होते, ओतकामाचे साचे तिचे होते. बंदरांत तिचे ओंडके येऊन पडत आणि सुतारांच्या दोन-तीन पिढ्यांचा हात तिच्यावर बसलेला होता. आत्याने मला एकदा विचारले होते, “अरे, एवढे सगळे ऐकते आहे, पण मग साग का नाही रे वापरत?” प्रश्न रास्त होता. साग आकसण्याच्या बाबतीत महोगनीच्या पंक्तीला बसतो : २.६ आणि ५.३. सतारी सागाच्याही होतात. पण सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे डिंक धरण्यापूर्वी सांधा नीट पुसून घ्यावा लागतो, आणि त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, जे रंध्याच्या पात्याची धार खातात. ही कारणे खरी आहेत, तरी पुरेशी नाहीत. गिटारचे मोठे कारखाने नाझरेथ आणि मिशिगनमधल्या कॅलमझू इथे उभे राहिले, जिथे महोगनी जवळची आणि साग लांबचा होता; ते रत्नागिरीत किंवा ब्रह्मदेशातल्या मौलमीनमध्ये उभे राहिले असते, तर आज जगभरचे वादक सागाच्या नेकच्या ‘उबदार’ आवाजाचे गोडवे गात असते, याविषयी मला फारशी शंका नाही.

महोगनी संपत गेली तशी ‘महोगनी’ या शब्दाची व्याप्ती वाढत गेली. क्युबाची महोगनी आधी दुर्मिळ झाली. मग होंडुरास, ग्वाटेमाला, ब्राझील, पेरू इथल्या मोठ्या पानांच्या महोगनीवर भार आला, आणि नोव्हेंबर २००३ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यांच्या चौकटीत गेला. सेद्रोही २०२० मध्ये त्याच वाटेने गेला. दुकानांत मात्र महोगनी कमी झाली नाही. आफ्रिकेतली खाया ‘आफ्रिकन महोगनी’ झाली, सापेलेही कुठे कुठे महोगनीच्या नावाने खपले. ही फसवणूक म्हणावी की नात्यागोत्याचा आधार, हे ठरवणे अवघड आहे, कारण महोगनी, सेद्रो, तून, खाया, सापेले ही सगळी झाडे एकाच कुळातली आहेत, आणि त्या कुळाचा आपल्या अंगणातला प्रतिनिधी आहे कडुनिंब. गिटारच्या नेकचा निम्मा इतिहास कडुनिंबाच्या कुळात घडला, असे मी गमतीने म्हणतो, पण ते खोटे नाही. खुद्द महोगनीही आपल्याला परकी राहिलेली नाही. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिची रोपे वेस्ट इंडीजमधून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली, आणि आता आपल्या शहरांतही रस्त्याकडेला ती उभी असते. आकाशाकडे तोंड करून फुटणारी तिची तपकिरी, लाकडी फळे आणि भिंगरीसारख्या बिया पायाखाली येतात, पण झाडाचे नाव विचारले तर दहातील नऊ जण सांगू शकणार नाहीत.

स्वस्त गिटारींवर ‘नाटो’ नावाचे एक लाकूड लिहिलेले असते. लष्करी संघटनेशी त्याचा संबंध नाही. मलेशिया-इंडोनेशियात न्यातोह नावाने विकली जाणारी जी लाकडे आहेत, ती बहुतांशी या नावाखाली येतात आणि पूर्व आशियात बनणाऱ्या गिटारींत ती महोगनीच्या जागी खपतात. रंग तसाच तांबूस, वजनही जवळपास तेवढेच. नाटो म्हटले की वादक नाक मुरडतात. हे लाकूड बकुळीच्या आणि चिकूच्या कुळातले आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत त्याची सख्खी भावंडे वाढतात. चांगले वाळवलेला नाटोचा नेक आणि घाईने वाळवलेला महोगनीचा नेक समोर ठेवले, तर मी डोळे मिटून नाटो उचलीन. मार्टिनसारखी कंपनी आपल्या काही गिटारींच्या माहितीत नेकच्या लाकडाचे नाव न देता ‘निवडक कठीण लाकूड’ एवढेच लिहिते, यावर पुष्कळांनी नाराजी दाखवली आहे. मला त्यात लपवाछपवीपेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. आज जे मिळेल आणि सरळ राहील ते वापरू, एवढाच त्याचा अर्थ.

सरळ राहण्याची जबाबदारी लाकडावरून काही अंशी काढून घेतली ती एका सळईने. कॅलमझूच्या गिब्सन कारखान्यात काम करणाऱ्या थॅडियस मकह्यू यांच्या नावावर १९२३ मध्ये ट्रस रॉडचे पेटंट मंजूर झाले. नेकच्या आत वळणदार खोबणीत पोलादी सळई बसवायची, तिच्या टोकाला आट्यांचा नट (तारांच्या नटाहून वेगळा) ठेवायचा, तो आवळला की सळई नेकला तारांच्या ओढीविरुद्ध मागे खेचते. आपण एल आकाराच्या किल्लीने पाव फेरा देतो, तो या सळईला. मार्टिन कंपनी मात्र बरीच वर्षे न फिरणाऱ्या आधारावर विसंबून राहिली. १९३४ पासून त्यांच्या नेकमध्ये इंग्रजी टी अक्षरासारख्या छेदाची पोलादी पट्टी असे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी तिच्या जागी एबनीची काळी काठी घातली, म्हणजे लाकडाच्या पोटात लाकडाचाच कणा. फिरवता येणारी सळई त्यांच्याकडे १९८५ मध्ये आली. या सळईने लाकडाच्या निवडीवरचा ताण सैल केला, पण संपवला नाही. नेक पुढे झुकला तर सळई त्याला मागे आणते; नेक पिळला, एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला दुसरा बाक आला, तर ती काहीच करू शकत नाही. पिळलेल्या लाकडाला औषध नाही, हे कोणताही सुतार सांगेल.

आणि तरीही १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी मेपल निवडला, जो महोगनीच्या दुपटीने हलतो. फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटते त्यामुळेच त्यांनी नेककडे यंत्राचा एक भाग म्हणून पाहिले. त्यांचा नेक डिंकाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी आवळलेला होता. खराब झाला तर काढून दुसरा लावा. मेपल कठीण असल्यामुळे त्यावर वेगळा फ्रेटबोर्ड न चिकटवता फ्रेट थेट नेकमध्येच ठोकता येत. सुरुवातीच्या काही गिटारींत तर ट्रस रॉडही नव्हता. एवढ्या कठीण लाकडाला तो कशाला, असे फेंडर यांना वाटे. हा विश्वास फार टिकला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सळई आली, आणि ती घालण्यासाठी मागून पाडलेली खोबण अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवली जाऊ लागली. फिक्या मेपलच्या पाठीवरची ती काळसर रेघ पुढे इतकी ओळखीची झाली, की ज्या नेकला तिची गरज नाही, त्यावरही काही नकलाकार ती काढतात.

फेंडर यांच्या नेकमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट लाकडाच्या जातीची नाही, कापण्याची आहे. त्यांचा हेडस्टॉक, म्हणजे किल्ल्या बसवलेले नेकचे वरचे टोक, मागे कललेला नाही. तो नेकच्याच पातळीत, थोडा खाली उतरवलेला असतो. त्यामुळे इंचभर जाडीच्या साध्या फळीतून अख्खा नेक निघतो, आणि लाकडाची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावते. गिब्सनने १९५२ मध्ये बाजारात आणलेल्या लेस पॉल गिटारचा हेडस्टॉक महोगनीच्या एकाच तुकड्यातून १७ अंशांनी मागे वळवलेला होता. तिथे लाकडाची रेषा वळत नाही, फक्त आकार वळतो. म्हणून नटच्या मागे रेषा तिरप्या तुटतात, आणि नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड पोखरलेले असते. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली, की हेडस्टॉक तिथेच मोडतो. जगभरातल्या दुरुस्तीच्या दुकानांचे पोट या एका फ्रॅक्चरवर भरत असेल. १९७०च्या दशकात गिब्सनने त्या जागी मागे लाकडाचा उंचवटा ठेवून पाहिला, तीन तुकडे जोडले, पुढे काही वर्षे मेपलचेही नेक केले. संग्राहकांनी या सुधारणांना अवनती ठरवले. स्वस्त गिटारींत हेडस्टॉक वेगळ्या तुकड्याचा करून तिरप्या लांब सांध्याने जोडतात. ती जोडरेष दिसली की गिऱ्हाईक ‘जोडाचे लाकूड’ म्हणून तोंड वाकडे करते. मला विचाराल तर तोच नेक अधिक शहाणा आहे, कारण त्यात दोन्ही तुकड्यांच्या रेषा आपापल्या दिशेने सलग राहतात आणि चांगला सांधा लाकडापेक्षा आधी सुटत नाही. स्पेनचे कारागीर हेडस्टॉक शतकानुशतके जोडूनच करत आले आहेत.

त्याच जातीच्या, त्याच ओंडक्याच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत. ओंडका कसा चिरला आहे यावर फार अवलंबून असते. नेकचे टोक समोरून पाहिले आणि वर्षवलयांच्या रेषा फ्रेटबोर्डशी काटकोनात उभ्या दिसल्या, तर ती फळी गाभ्यातून आरपार चिरलेली. तिचे जास्तीचे हलणे जाडीच्या दिशेने होते आणि पिळण्याचा धोका कमी असतो. रेषा आडव्या असतील तर ओंडक्यातून जास्त फळ्या निघतात, म्हणून कारखान्यांना ते स्वस्त पडते. आणि तसेही चालते, कारण पूर्ण आडवी रेष दोन्ही कडांना सारखीच वागवते. खरी भीती तिरप्या रेषांची. त्यावर एक जुना उपाय आहे : एका तुकड्याऐवजी तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या, रेषांच्या दिशा उलटसुलट ठेवून, एकमेकांना चिकटवायच्या. जपानच्या आयबनेझने १९८७ पासून जे अतिशय बारीक नेक काढले, पहिल्या फ्रेटपाशी अवघे १७ मिलिमीटर जाड, त्यांच्या पुढच्या पिढ्यांत मेपलच्या मध्ये अक्रोड, बुबिंगा किंवा वेंगेच्या पट्ट्या दिसतात. वेंगे हे काँगोच्या खोऱ्यातले काळ्या-तपकिरी पट्ट्यांचे लाकूड, आपल्या करंजाचे दूरचे नातेवाईक, आणि त्याची कुसळे बोटात शिरली की दोन दिवस ठणकतात. काही कंपन्या लाकडाच्या जोडीला कार्बनच्या किंवा टायटॅनियमच्या काड्या बसवतात. कार्बनचे अख्खे नेकही १९७०च्या दशकापासून होत आले आहेत. ते हवेने हलत नाहीत, आणि तरी वादकांनी त्यांना मनापासून जवळ केले नाही. हाताला लाकूडच हवे असते, आणि याचे कारण मोजपट्टीने सापडणार नाही.

नेकच्या पाठीला तळहात लागतो, पण बोटे लागतात ती फ्रेटबोर्डला, आणि तिथे आपण येतो. ज्याला जग ‘ईस्ट इंडियन रोझवूड’ म्हणते, ते आपले शिसव. सह्याद्रीतले, आणि कर्नाटक-केरळच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेले. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून गिटारचे जग भारतीय शिसवाकडे वळले होते. फेंडर यांनीही १९५८-५९ मध्ये मेपलच्या नेकवर शिसवाचे फ्रेटबोर्ड चढवले. मेपलवरचे लॅकर बोटांनी झिजून काळे डाग पडत आणि टेलिव्हिजनवर ते घाणेरडे दिसत, म्हणून, असे सांगतात. जुन्या वाड्यांतल्या शिसवी पलंगांवर आणि दारांवर हात फिरवलेल्या कोणालाही हे लाकूड बोटांना का आवडते, ते सांगावे लागणार नाही. ते तेलकट, घट्ट आणि गुळगुळीत असते, त्यावर लॅकरची गरज पडत नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या संघीय अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले, तेव्हा जप्त झालेल्या मालात भारतातून गेलेल्या शिसवाच्या आणि एबनीच्या फ्रेटबोर्डच्या पट्ट्या होत्या. अमेरिकेचा कायदा २००८ पासून म्हणतो की ज्या देशातून लाकूड आले, त्या देशाचा कायदा मोडलेला नसावा. भारताचा नियम म्हणतो की सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड निर्यात करता येत नाही. मग फ्रेटबोर्डची पट्टी म्हणजे चिरलेले लाकूड, की वाद्याचा तयार भाग? काही मिलिमीटरच्या जाडीवर अमेरिकी राजकारणात महिनोन्महिने वाद पेटला. पुढच्या ऑगस्टमध्ये कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरून तडजोड केली, ती मुख्यतः आधीच्या मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणावर. जानेवारी २०१७ पासून तर ब्राझीलचे सोडून शिसवाच्या बाकी सगळ्या प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, गिटार परदेशी पाठवायला कागदपत्रे लागू लागली, आणि कारखान्यांनी घाईने पाउ फेरो, लॉरेल असले पर्याय शोधले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. शिसव परतले, पण पर्यायांपैकी काही टिकून राहिले, आणि मला ते बरे वाटते.

एबनीचीही अशीच कथा आहे, फक्त तिचा नाटकी भाग काळ्या रंगात आहे. कॅमेरूनच्या जंगलात कापलेल्या एबनीच्या झाडांपैकी बहुतेकांचे लाकूड पूर्ण काळे नसे, त्यात तपकिरी-पिवळे पट्टे असत, आणि तसे झाड पडल्या जागीच सोडून दिले जाई, कारण खरेदीदाराला शुद्ध काळा रंग हवा असे. २०११ मध्ये गिटार बनवणाऱ्या टेलर कंपनीने भागीदारीत याउंदे शहरातली एबनीची गिरणी घेतली आणि पट्टेरी एबनीही आम्ही वापरणार, असे जाहीर केले. एबनी म्हणजे आपल्या तेंदूची बहीण. विदर्भात ज्या झाडाची पाने विड्यांसाठी तोडतात, त्या टेंभुर्णीच्या जुन्या खोडाचा गाभाही काळा असतो. नागपूरच्या वास्तव्यात तेंदूपत्त्याच्या लिलावाच्या बातम्या मी दर उन्हाळ्यात वाचत असे, आणि हातात धरलेल्या एखाद्या मित्राच्या गिटारच्या काळ्या फ्रेटबोर्डशी त्यांचा संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

राहिला नाद. मेपल झळझळीत, महोगनी उबदार, शिसव गोड, एबनी टोकदार : ही विशेषणे प्रत्येक विक्रेत्याच्या जिभेवर असतात. मी त्यांच्यावर पूर्वी विश्वास ठेवला आणि आता फारसा ठेवत नाही. इतके मात्र खरे, की नेकचे थरथरणे तारेवर परिणाम करते. म्युनिकच्या लष्करी विद्यापीठातले हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आणि बासच्या नेकची कंपने मोजून दाखवले, की काही ठरावीक फ्रेटवर सूर लवकर विझतो, तो तिथे नेकच तारेची ऊर्जा पिऊन टाकतो म्हणून. वादक त्या जागांना मेलेली जागा म्हणतात. पण ती जागा कुठे पडेल हे नेकची जाडी, लांबी, वजन, हेडस्टॉकवरच्या किल्ल्या, सांधा आणि त्या एका तुकड्याचा ताठपणा या सगळ्यांच्या बेरजेवर ठरते. लाकडाची जात ही त्या बेरजेतली एक रक्कम आहे, आणि एकाच जातीच्या दोन तुकड्यांतली तफावत दोन जातींच्या सरासरींतल्या तफावतीएवढी असू शकते.

माझ्या गिटारचा नेक अखेर पुण्यात आल्यावर मी एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे नेला. त्यांनी आधी तो डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरला, एक डोळा मिटून कडेने पाहिले आणि “पिळला आहे, सळईने काही होणार नाही,” असे म्हणून चार स्क्रू काढले. गिटारच्या खोबणीतून बाहेर आलेल्या नेकच्या टोकावर रंग नव्हता. तिथे, दहा वर्षांत पहिल्यांदा, मी माझ्या मेपलच्या वर्षवलयांच्या रेषा पाहिल्या. त्या उभ्या नव्हत्या, आडव्याही नव्हत्या. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, बरोबर तिरप्या गेल्या होत्या. “हा पहिल्या दिवसापासून पिळणारच होता,” ते म्हणाले.

नवा नेक मी भाजलेल्या मेपलचा घेतला. लाकूड प्राणवायू नसलेल्या भट्टीत १८० अंशांच्या वर तापवतात. त्यातले ओलावा धरणारे घटक मोडतात आणि मग ते हवेतले पाणी पूर्वीइतके शोषत नाही. रंग तव्यावर उतरलेल्या भाकरीसारखा, आणि खोके उघडले तेव्हा वास चक्क काकवीचा. ठिसूळपणा थोडा वाढतो, म्हणून स्क्रूंची भोके आधी नीट पाडून घ्यावी लागली. गेल्या जुलैत मी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधली फट पाहिली, आणि किल्लीला अष्टमांश फेरा दिला. त्याच सकाळी फोनवर आत्याशी बोलत होतो, तर पलीकडे तिने तंबोरा जुळवायला घेतला होता आणि बोलता बोलता खुंटी पिळल्याचा कुरकुर आवाज येत होता.